विरळ हवेचा हिशेब

सोलापूर मागे टाकून उमरग्यावरून हैदराबादेकडे निघालेला महामार्ग ज्या ठिकाणी बिदर-कलबुर्गी रस्त्याला छेदतो, त्या हुमनाबादेत उभे राहून चोहीकडे नजर टाकली, तर आपण उंचावर उभे आहोत असे कोणाच्याही मनात येत नाही. तुरीची आणि ज्वारीची शेते, वीरभद्रेश्वराचे देऊळ, माणिकनगरातील माणिकप्रभूंचे संस्थान, सारे कसे सपाट भुईवर मांडल्यासारखे दिसते. तथापि हे गाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर दख्खनच्या पठारावर वसलेले आहे, आणि या उंचीची दखल माणसाने घेतली नाही तरी हवेने घेतलेली असते. मुंबईच्या किनाऱ्यावर वातावरणाचा दाब पाऱ्याचा सुमारे ३० इंचांचा स्तंभ तोलून धरतो. हुमनाबादेत तोच स्तंभ २८ इंचांच्याही किंचित खाली येतो. येथल्या चुलीवर पाणी १०० अंशांची वाट न पाहता ९८ च्या आसपासच उकळू लागते, आणि येथे घेतलेल्या प्रत्येक श्वासात मुंबईपेक्षा शंभरातले सुमारे सहा भाग हवा कमी असते. एवढ्याने माणसाचे काही अडत नाही; इंजिनाचे मात्र, थोडे का होईना, येथूनच अडू लागते.

ही गोष्ट मला पुस्तकातून ठाऊक होती. ती डोळ्यांनी पाहिली मात्र एका उन्हाळ्यात, सुटीला आलेल्या भाच्याच्या संगणकासमोर बसून. बिदरच्या हवाई दलाच्या तळावर २००८ पासून हॉक प्रशिक्षण विमाने आहेत आणि सूर्यकिरण हे कसरतींचे पथकही तेथलेच, त्यामुळे विमानाची ओढ या मुलखातल्या मुलांना नवी नाही. भाच्याने ती ओढ संगणकावर भागवली होती. त्याच्या सिम्युलेटरमध्ये १९४० साली इंग्लंडच्या आकाशात लढलेले स्पिटफायर विमान होते. त्याच्या काचेमागची एकेक तबकडी मूळ विमानातल्याप्रमाणे फिरत होती, आणि ज्या चुकीने मूळ इंजिन बिघडले असते त्याच चुकीने पडद्यावरचेही बिघडत होते. शत्रूच्या डोक्यावर जाण्याच्या हव्यासाने भाचा २५,००० फुटांवर जाऊन पोहोचला. थ्रॉटलचा दांडा शेवटपर्यंत पुढे रेटलेला होता, पण खाली सव्वासहावर असलेला बूस्टचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचा, काटा शून्याकडे सरकला होता, आणि विमान पुराच्या पाण्यातून चालणाऱ्या माणसासारखे जड झाले होते. तो वळून म्हणाला, “मामा, पेट्रोल अर्ध्याहून जास्त आहे, इंजिन तापलेलं नाही, थ्रॉटल पूर्ण आहे. मग ताकद गेली कुठं?”

या प्रश्नाचे उत्तर हाच या प्रकरणाचा विषय आहे.

बळ हवेचे

इंजिनाची ताकद पेट्रोलात असते, असा आपला सर्वसाधारण समज असतो, कारण पैसे आपण पेट्रोलाचे मोजतो. परंतु एक किलो पेट्रोल पुरते जळण्यासाठी सुमारे पंधरा किलो हवा लागते, आणि समुद्रसपाटीवर एवढी हवा बारा घनमीटर जागा, म्हणजे एखादी लहानशी खोली, व्यापते. ज्याचे पंधरा हिस्से त्याचेच बळ, हा जमाखर्चाचा साधा न्याय येथेही लागू पडतो. वीस हजार फुटांवर तीच पंधरा किलो हवा गोळा करायची, तर बारा घनमीटरांनी भागत नाही, तेवीस लागतात. सिलिंडरांचे आकारमान तर काही वाढत नाही. म्हणून प्रत्येक घोटात त्यांच्या वाट्याला हवा निम्म्याच्या आसपास येते, आणि तेवढ्याच हवेला पुरेल इतकेच पेट्रोल जळू शकते. त्याहून अधिक पेट्रोल सोडले तर ते ताकद न देता काळ्या धुरावाटे निघून जाते.

हे सूत्र मला इतक्या मोजक्या शब्दांत कोणी सांगितले असेल, तर ते महामार्गावरच्या एका मेस्त्रीने. दहा चाकांचा एक ट्रक त्याच्या गॅरेजासमोर उभा होता. चालकाची तक्रार अशी की गाडी चढाला दम टाकते आणि मागून काळा धूर ओकते. मेस्त्रीने बॉनेट उचलले, इंजिनाच्या कुशीतली गोगलगायीच्या शंखासारखी लोखंडी पेटी नळीपासून सोडवली, तिच्या तोंडात बोट घालून आतले लहानसे चाक फिरवून पाहिले, ते अडखळले तशी मान हलवून तो म्हणाला, “टर्बो बसलाय, मालक. डिझेल भरपूर हाय, हवा न्हाई. हवाच न्हाई तर डिझेल जळणार कसं?” भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या एका वाक्यात आले होते, मोटारीच्या बाबतीत जे टर्बो बिघडल्याने घडते, ते विमानाच्या बाबतीत केवळ वर गेल्याने घडते.

हवा कोंबणारे यंत्र

विमान वर न्यायचे आणि इंजिनाला हवाही पुरवायची, तर विरळ हवा दाबून दाट करूनच सिलिंडरात सोडली पाहिजे. ही तजवीज दोन रीतींनी करता येते. पहिल्या रीतीत इंजिनाच्याच दंडाला दातेरी चाके जोडून एक पंखा अतिशय वेगाने फिरवतात, हा सुपरचार्जर. दुसऱ्या रीतीत इंजिनातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या तप्त वायूच्या झोताने एक चाक फिरते व त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा दाबते. आपल्या ट्रकांवरच्या टर्बोची जात हीच. तिचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली घेतले.

टर्बोची विमानासाठी एक मोठी परीक्षा झाली ती विमानात नव्हे, डोंगरावर. १९१८ च्या सप्टेंबरात अमेरिकन अभियंता सॅनफर्ड मॉस याने लिबर्टी नावाचे विमानाचे इंजिन ट्रकवर चढवून कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे १४,१०० फूट उंच शिखरावर नेले. खाली ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर नुसतेच चालवले तेव्हा २३० वर आले, आणि टर्बो जोडताच ३५६ वर गेले. उंचीने हिरावलेले सारे बळ एका चाकाने परत आणले.

या हकिगतीचा एक धागा थेट आमच्या मुलखाशी येऊन मिळतो. हुमनाबाद त्या काळी ज्या हैदराबाद संस्थानात मोडत होते, त्याचे अधिपती निजाम मीर उस्मान अली खान यांनी पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला डीएच-९ए जातीची विमाने देणगीदाखल दिली, आणि ती घेऊन ११० वी तुकडी त्याच १९१८ च्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये दाखल झाली. त्या विमानांचे इंजिन हेच लिबर्टी होते. म्हणजे आमच्या रयतेच्या महसुलाशी जोडलेले इंजिन युरोपच्या आकाशात विरळ हवेशी झगडत होते, आणि त्याच महिन्यात त्याचेच भावंड एका दूरच्या डोंगरावर त्या दुखण्याचे औषध चाखत होते. त्या तुकडीच्या नावाशी ‘हैदराबाद’ कायमचे जोडले गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धात १५२ व्या तुकडीलाही हे नाव मिळाले. तिच्या बोधचिन्हावर निजामाचे शिरोभूषण होते, आणि १९४० च्या उन्हाळ्यात ती स्पिटफायर घेऊन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लढली. भाचा पडद्यावर ज्या आकाशात अडखळला होता, ते आकाश या अर्थाने आम्हांला अगदीच परके नव्हते.

प्रत्येक इंजिनाची एक उंची

आता त्या अडखळण्याचे मर्म पाहू. पहिल्या स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनात एकाच गतीचा सुपरचार्जर होता. जमिनीलगत हवा दाट असताना तो पूर्ण जोराने हवा कोंबू लागला, तर सिलिंडरातील मिश्रण ठिणगीची वाट न पाहता आपोआप भडकते, ज्याला मेस्त्री लोक नॉकिंग म्हणतात, आणि अशा ठोक्यांखाली पिस्टन फुटायला वेळ लागत नाही. म्हणून खाली थ्रॉटलची झडप अंशतः मिटलेली ठेवावी लागते. विमान जसजसे चढते तसतशी हवा विरळ होते आणि झडप तेवढी उघडत नेता येते. दाब तोच राहतो. अखेर एक उंची अशी येते की झडप पुरती उघडलेली असते आणि दाब नेमका मर्यादेवर असतो. या उंचीला पूर्ण-थ्रॉटलची उंची म्हणतात. मर्लिनच्या तिसऱ्या आवृत्तीत सव्वासहा पौंड बूस्टला ती १६,२५० फूट होती आणि तेथे इंजिन १,०३० अश्वशक्ती देत असे. त्यापलीकडे वैमानिकाच्या हाती देण्यासारखे काही उरत नाही. दर हजार फुटांना काटा उतरतच जातो. भाचा या उंचीच्या जवळजवळ नऊ हजार फूट वर गेला होता आणि जे संपले होते ते दांडा रेटून मागत होता.

या हिशेबाची दुसरी बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. १९४० साली ब्रिटिशांना १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळाले. ते नॉकिंगला अधिक काळ दाद देत नाही, म्हणून बूस्ट अल्प काळासाठी १२ पौंडांपर्यंत नेण्याची मुभा मिळाली आणि ताकद १,३०० अश्वशक्तीच्या वर गेली. परंतु ती १६,००० फुटांवर नव्हे, ९,००० वर. सुपरचार्जरची कोंबण्याची कुवत तीच राहिली. अधिक दाबाची मागणी केली की ती कुवत खालच्या, दाट हवेतच पुरी पडते. वाढीव ताकदीची किंमत अशी उंचीच्या नाण्यात द्यावी लागते.

मग सुपरचार्जरच मोठा का करू नये? कारण तो इंजिनाच्याच बळावर फिरतो, आणि उंचावर उपयोगी पडणारा मोठा वेग खाली नुसता खर्चच ठरतो. शिवाय दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा पुन्हा विरळ होते. या पेचातून वाट काढण्यासाठी मर्लिनच्या विसाव्या आवृत्तीत सुपरचार्जरला दोन गती दिल्या आणि स्टॅन्ली हूकर या गणितज्ञाने त्याच्या हवा घेण्याच्या मार्गाचे रूपच सुधारले. हे इंजिन हरिकेन या लढाऊ विमानाच्या दुसऱ्या आवृत्तीत बसले, आणि १९४४ साली इम्फाळच्या आघाडीवर स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली आपल्या हवाई दलाच्या पहिल्या तुकडीने हीच हरिकेन उडवली. पुढे मर्लिन ६१ मध्ये एकामागे एक असे दोन पंखे आणि त्यांनी तापवलेली हवा निववणारा थंडक आला. १९४२ च्या उन्हाळ्यात हे इंजिन घेऊन स्पिटफायरची नववी आवृत्ती लढाईत उतरली. हैदराबादच्या नावाची १५२ वी तुकडी पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली ती याच घराण्यातले इंजिन असलेली स्पिटफायरची आठवी आवृत्ती घेऊन.

इतर देशांनीही आपापले उपाय काढले. जर्मन मेसरश्मिट १०९ च्या डेमलर-बेन्झ इंजिनात पंखा दातेरी चाकांऐवजी तेलाच्या जोडणीने फिरत असे, आणि उंचीप्रमाणे त्याचा वेग आपोआप हळूहळू वाढे. उलट रशियाचे मिग-३ उंचावर चपळ आणि जमिनीलगत जड. पूर्व आघाडीवरच्या लढाया बहुशः खाली होत, म्हणून त्याचे खरे बळ बहुतेक वेळा वापरावाचून राहिले. कोणते विमान चांगले, असा प्रश्न मुले विचारतात. कोणत्या उंचीवर, हे सांगितल्यावाचून त्याला उत्तर नाही.

दांड्यांची शिस्त

हे सारे समजल्यावर वैमानिकाने, किंवा पडद्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्याने, प्रत्यक्षात करायचे काय? पहिली ताकीद अशी की कान इंजिनाकडे आणि डोळे दाबाच्या काट्याकडे असावेत. काही देशांच्या विमानांत हा दाब पाऱ्याच्या इंचांत दिसतो, काहींत प्रमाण वातावरणापेक्षा अधिक पौंडांत, जर्मन विमानांत वातावरणांच्या पटींत. परिमाण कोणतेही असो, प्रश्न एकच: सिलिंडराच्या दाराशी हवा किती उभी आहे?

ज्या विमानात सुपरचार्जरची गती हाताने बदलावी लागते, त्यात चढताना काटा उतरू लागताच घाईने दुसरी गती टाकू नये. पहिल्या गतीत दाब थोडा घटला तरी तिचा खर्च कमी असतो. दुसऱ्या गतीचा लाभ तिच्या खर्चापेक्षा मोठा होईल इतके वर जाईपर्यंत धीर धरावा, मग थ्रॉटल किंचित मागे घेऊन गती बदलावी. सूर मारून खाली येताना मात्र हा क्रम उलटा आणि तातडीचा असतो, कारण दाट हवा धावून येते, दाब मर्यादा ओलांडतो, आणि विजयाच्या भरात असलेल्या वैमानिकाचे इंजिन त्याच्याच हातून फुटते.

दुसरी ताकीद प्रॉपेलरची. ताकद वाढवायची तर आधी फेरे वाढवावेत, मग दाब. कमी करायची तर आधी दाब, मग फेरे. वरच्या गिअरमध्ये ट्रक घाटाला घालून ॲक्सिलरेटर दाबणाऱ्या चालकाला इंजिन जे ठोके ऐकवते, तेच ठोके कमी फेऱ्यांवर जास्त दाब दिलेले विमान ऐकवते. तिसरी मिश्रणाची. साधा कार्बोरेटर उंचीची दखल पुरेशी घेत नाही, म्हणून चढताना मिश्रणात पेट्रोलाचे प्रमाण नकळत वाढत जाते. मागे काळी रेघ दिसू लागली की मिश्रण पातळ करावे, पण इतकेही नको की इंजिन तापू लागेल. मर्लिनसारख्या इंजिनांत हे काम आपोआप होते, अनेक रशियन विमानांत ते वैमानिकाकडे असते. चौथी रेडिएटरची. वीस हजार फुटांवर बाहेर उणे पंचवीस अंशांच्या आसपास थंडी असते, म्हणून इंजिन थंडच राहील असे वाटते. परंतु उष्णता वाहून नेणारी हवाच विरळ असते आणि नाक वर करून सावकाश चढणाऱ्या विमानातून ती वाहतेही कमी. म्हणून लांब चढणीत वेग पुरेसा राखावा.

वेगाची तबकडीही येथे समजून वाचावी लागते. ती हवेच्या माऱ्यावर चालते, म्हणून वीस हजार फुटांवर ती ताशी २०० मैल दाखवते तेव्हा विमान खरे पाहता २७० च्या वर जात असते. विमान आभाळात टिकते ते मात्र तबकडीवरच्या २०० च्या आधारावर. तेव्हा वर गेलेल्या वैमानिकाला वेग भरपूर असल्याचा भास होतो आणि वळण घेताना पंखांखालचा आधार एकाएकी सुटतो.

एवढे कष्ट उपसून उंची का गाठायची? कारण उंची ही अमानत ठेवलेली शक्ती आहे. ताशी ३०० मैल वेगाने जाणाऱ्या विमानाजवळ वेगाच्या रूपाने जी शक्ती असते, तिच्या बळावर ते, हवेचा विरोध सोडून दिला तर, सुमारे तीन हजार फूट वर चढू शकेल. आणि तीन हजार फुटांची उंची तितकाच वेग परत देऊ शकते. इंजिन दर मिनिटाला या ठेवीत थोडी भर घालते. भर घालण्याचा दर ज्या उंचीवर आपल्याला शत्रूपेक्षा अधिक मिळतो, तेथे लढाई नेणे हीच या विद्येची मुत्सद्देगिरी.

पडदा आणि पठार

कोणी विचारील, की हा तर मुलांचा खेळ. त्यात एवढे गांभीर्य कशाला? पण जमिनीवर बसून उड्डाण शिकण्याची कल्पना आरंभापासून खेळाच्याच शेजारी वाढली आहे. १९२९ च्या सुमारास एडविन लिंक या अमेरिकन तरुणाने आपल्या वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते आणि पंप वापरून एक डुलणारी पेटी तयार केली. तिचा पहिला उपयोग करमणुकीच्या जागी झाला, आणि दुसऱ्या महायुद्धात तिच्यावरच हजारो वैमानिक शिकले. भात्याच्या हवेवर चाललेल्या त्या पेटीने माणसांना हवेची शिस्त लावली. आजचा पडदा तेच काम अधिक बारकाईने करतो, आणि चुकीची शिक्षा प्राणावर येऊ देत नाही.

भाच्याने पुन्हा उड्डाण केले. या वेळी त्याची नजर आकाशाइतकीच काट्यावर होती. सोळा हजारांच्या किंचित वर काटा सव्वासहावर ठाम उभा असताना त्याने विमान सपाट केले आणि तो तेथेच फेऱ्या घालत राहिला. वरून खाली येणाऱ्या शत्रूला त्याच्या उंचीवर उतरावे लागले. त्या लढाईचा निकाल काय लागला हे माझ्या लक्षात नाही. लक्षात आहे तो त्याचा धीर.

शेवटी एक सोपा प्रयोग सांगतो, जो कोणालाही करता येईल. ज्या विमानात दाब पाऱ्याच्या इंचांत दाखवला जातो, असे एखादे विमान सिम्युलेटरमध्ये समुद्रकाठच्या धावपट्टीवर उभे करावे, आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी दाबाची तबकडी पाहावी. इंजिन बंद असले म्हणजे काटा शून्यावर असेल, ही समजूत तेथेच दूर होते. काटा तिसाच्या जवळ उभा असतो, कारण नळीत बाहेरचीच हवा भरलेली असते आणि तबकडी त्या जागेच्या हवेचा दाखला देत असते. मग तेच विमान आपल्या पठाराच्या उंचीच्या धावपट्टीवर न्यावे. चाक अजून हललेले नसते, पेट्रोलचा थेंब जळलेला नसतो, आणि तरीही काटा अठ्ठावीसच्या किंचित खाली स्थिर असतो. हुमनाबादेत जन्म काढून जी उंची आपल्या ध्यानात आली नाही, तिची बाकी त्या तबकडीने आधीच खतावलेली असते.